कंबरमोडी

कंबरमोडी म्हणतात तिला.
कुणाची कंबर मोडते, तिची की उपटणाऱ्याची,
हे आमच्या बोळात कधी ठरलं नाही.

बंद गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी,
जिथे पूर्वी सुताच्या गाठी उतरायच्या,
तिथल्या फरशीच्या भेगेत ती असते.
अंग सगळं भुईला टेकलेलं, पानं खरखरीत,
आणि मधूनच एक दांडी सरळ वर,
वीस काऊंटाच्या धाग्याला खळ लावून उभा केल्यासारखी.
टोकाला पिवळं बटण,
भोवती चार-पाच पांढुरक्या पाकळ्या,
एकेकीला तीन दात.
मे महिन्यात चव्वेचाळीसला पारा जातो,
कुत्री नळाखाली जाऊन बसतात,
तेव्हाही फुललेली.

मास्तरांच्या वहीत ती एकदांडी,
पाशाभाईच्या दुकानात दगडी पाला,
अम्माच्या तोंडी गड्डी चामंती,
म्हणजे गवतातली शेवंती.
हाक कुठल्याही भाषेत मारा,
ती जागची हलत नाही.

अम्मा, नरसव्वा चिलका, रोज हजार विड्या.
पान भिजवलेलं, पत्र्याचा साचा डाव्या हाताखाली,
उजव्या हातात कात्री.
आठशेच्या पुढे कात्रीला
पान कुठलं, बोट कुठलं, कळेनासं होतं.
"जा बे, चार पानं आण."
मी पळायचो.
तळहातावर चोळून, मूठ आवळून
काळपट हिरवा रस बोटावर पिळायचा.
अम्मा दातांतून "स्स्" करायची.
आत तंबाखूची धूळ आणि बाहेरून हा रस,
दोघांचं भांडण मिटेपर्यंत ती छताकडे बघायची.
मग चिंधी. मग आठशे एकवी.
रक्त लागलेली विडी कारखान्यात छाटात जायची.
रक्त कुणाचं, हे त्या वहीत लिहायला रकाना नव्हता.

अंबादासमामाने ती खोबरेलात उकळली,
तीन महिने डोक्याला चोळली.
केस काही आले नाहीत,
कढई मात्र अजून हिरवी आहे.
त्याच मामाच्या कपाळावर मागावरून धोटा उडाला
तेव्हा आम्ही मूठभर पाला दाबत
त्याला रिक्षात घातला. सिव्हिलमध्ये सात टाके.
डॉक्टर पाला पुसत म्हणाले, "हे काय लावलंत?"
कुणीच बोललं नाही.
शेळीने मात्र आमच्या मागे उरलेला ढीग संपवला.

एकदा कॉलेजची एक मुलगी आली,
वर्तमानपत्राच्या घडीत झाड दाबायला.
म्हणाली, ही इथली नव्हेच.
समुद्रापलीकडून आली, कशाबरोबर ते नक्की माहीत नाही.
अम्माने कात्री न थांबवता विचारलं, "कधी?"
"दीडशे-दोनशे वर्षं झाली असतील."
अम्माने हिशोब केला.
तिचा आजा करीमनगराकडून
खांद्यावर मागाची फणी घेऊन आला, त्याला शंभरसुद्धा नाहीत.
"मग आमच्या आधीची की गं," ती म्हणाली,
आणि त्या मुलीला चहा टाकायला मला उठवलं.

आता मी ठेकेदाराकडे आहे.
पाठीवर सोळा लिटरचा पंप,
नव्या फूटपाथच्या फटींतलं तण मारायचं.
औषध मारलं की दुसऱ्या दिवशी ती पिवळी,
चौथ्या दिवशी दोऱ्यासारखी वाळते,
विसाव्या दिवशी पुन्हा आहेच.
मुकादम म्हणतो, "पाणी जास्त घालतोस काय बे?"

परवा नळीच्या पत्र्याने अंगठा कापला.
हात आपोआप खाली गेला,
भेगेत ती होती, दांडी वर, तीन दातांची हसरी.
पान तोडलंसुद्धा.
मग आठवलं, ही रांग
मी सकाळीच मारली होती.

रुमाल बांधून घरी आलो.
अम्माला आता नीट दिसत नाही,
तिने अंगठा चाचपला.
"पानं मिळाली नाहीत?"
"नाही मिळाली," म्हटलं.
"आपल्या सोलापुरात?" ती म्हणाली,
आणि बराच वेळ माझं बोट सोडलं नाही.